एकच द्राक्ष, दोन गावं: डोंगर आणि किनाऱ्याची वाइन कशी ताडून पाहावी

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तेव्हा वाइन चाखून ताडायची ही बैठक तिथे नको. बाकी विदर्भात पूस-माघातली सकाळ धरा. मे महिन्यात तापलेल्या घरात वाइन पेल्यातच कोमट होते. मग अल्कोहोलचा भपकारा तेवढा नाकात चढतो आणि आंबटपणा बोथट वाटतो.

द्राक्ष एकच हवं, नाहीतर फरक जागेचा की जातीचा हे उमगत नाही. साविन्यों ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात घ्या: एक बाटली इटलीतल्या आल्तो आदिजेच्या डोंगराची, दुसरी चिलीच्या किनाऱ्याजवळच्या कासाब्लांका खोऱ्याची. लाकडी पिंपात मुरवलेली नको, लाकडाचा वास जागेचा वास झाकतो. नागपूरहून आणताना डिकीत ठेवू नका. उन्हानं वाइन फुगते आणि बूच वर सरकतं.

आधी जीभ तयार करा. आरओच्या एक लिटर पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व, दुसऱ्या लिटरमध्ये १ ग्रॅम मीठ. विहिरीचं पाणी इथे चालत नाही, ते मुळातच मचूळ असू शकतं. दोन्हींचा एकेक घोट घेऊन थुंका. आंबटानं गालांच्या आतून पाणी सुटतं, खारटानं तसं सुटत नाही. हा भेद पक्का झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

बाटल्या ३ तास फ्रिजमध्ये ठेवा, काढल्यावर १५ मिनिटं थांबा. वीज गेली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. २० मिनिटं पुरतात. पेल्यात ५० मिली ओता.

डोंगरात दर १००० मीटरला हवा साधारण ६ अंशांनी गार होते. गार रात्रींमुळे द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातला आंबटपणा, टिकतं, म्हणून चव सरळ, धारदार. हिरवं सफरचंद, लिंबाची साल. कासाब्लांकाला पॅसिफिकच्या थंड प्रवाहावरून येणारं सकाळचं धुकं गारवा देतं. तिथल्या वाइनमध्ये पेरू, चिरलेली हिरवी मिरची आणि शेवटी किंचित खारी झाक शोधा. थुंकल्यावर लाळ किती सेकंद सुटत राहते, ते दोन्हींचं लिहून ठेवा.

आता खरी परीक्षा. प्रत्येकासमोर खुणा केलेले ३ पेले, दोन एकाच वाइनचे, तिसरा वेगळा. कोणाला कोणता क्रम, हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. नुसत्या अंदाजानं तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून ६ जणांत निदान ५ जणांनी वेगळा पेला ओळखला तरच फरक खरा माना. चौघांनी ओळखला तर पेल्यांचा क्रम बदलून पुन्हा घ्या.

आदल्या रात्री सावजी रस्सा नको, खोलीत अगरबत्ती नको. मधे खायला बिनमिठाची ज्वारीची भाकरी. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा आहे; ती बाटली बाजूला काढा.