रात्रभरात एका बाजूला बसणारी बस

रात्री सरळ उभी केलेली बस सकाळी मागून डावीकडे झुकलेली. इंजिन चालू करून हवा भरली की पुन्हा सरळ. म्हणजे हवा कुठूनतरी जातेय, हे उघड होतं. बहुतेक जण अशा वेळी थेट बेलो बदलायला सांगतात. तो महाग, आणि बऱ्याचदा निर्दोष.

बेलो म्हणजे रबराची जाड पिशवी, बसचं वजन आतली दाबाची हवा पेलते. किती हवा हवी हे लेव्हलिंग व्हॉल्व्ह ठरवतो. तो चासीवर असतो, त्याची दांडी एका रॉडने अ‍ॅक्सलला जोडलेली. प्रवासी चढले, बॉडी दबली, की दांडी वर जाते आणि बेलोत हवा शिरते. उतरले की जादा हवा बाहेर. दांडी मधोमध असताना हवा ना आत, ना बाहेर.

बॉडीखाली टेकूच्या घोड्या लावल्या (हवेच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, बॉडी क्षणात खाली येते) आणि साबणाचं पाणी मारलं. बेलोच्या घड्या, जोड कोरडे. बुडबुडे आले ते व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे जादा हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून. रॉड सोडवून दांडी हाताने मधोमध धरली, तरी येतच राहिले. व्हॉल्व्हच्या आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, गेली होती.

नवा व्हॉल्व्ह बसवला. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर तेलकट पाणी निघालं, म्हणून हवेतला ओलावा काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिजही बदललं. नाहीतर नवा व्हॉल्व्हही तसाच गेला असता. शेवटी रॉडची लांबी कमीजास्त करून दोन्ही बाजूंची उंची कंपनीच्या मापाला आणली. आता बस रात्रभर सरळ उभी राहते.