बेळगावकडं जेवायला येताय? या चुका टाळा

शनिवार-रविवार जोडून इकडं येणारे पाहुणे पहिली चूक घरूनच बांधून आणतात. ‘बेळगावचं जेवण’ म्हणजे काहीतरी एकच ठरलेलं ताट, असं त्यांच्या डोक्यात असतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी ही जंगलाची आणि पावसाची बाजू. इथं भात मुख्य, आंबटाला कोकम. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडं सरकलात की ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची नि कारळ्याची चटणी. जांबोटीत बसून ज्वारीच्या भाकरीचा हट्ट धरलात तर एखादेवेळी मिळेलही, पण त्यात मजा नाही.

पूर्वेकडं ताटात पातळ, करकरीत भाकरी आली तर ‘शिळी वाढली’ म्हणून नाक मुरडू नका. ती मुद्दाम वाळवलेली कडक भाकरी, खडक रोट्टी. कित्येक दिवस टिकते. मोडायची, वांग्याच्या रश्शात कुस्करायची, वर घट्ट दही.

तिखटाचा घोळ सगळ्यात मोठा, कारण लोक रंगाला घाबरतात. ब्याडगी मिरची रंगाला लालभडक, तिखटाला बेताची. संकेश्वरी मात्र चांगलाच झणका देते. म्हणून कधीकधी लालबुंद रस्सा निवांत जातो आणि ताटाच्या कोपऱ्यातला हिरवा खर्डा डोळ्यांतून पाणी काढतो. तोंड पोळलं की लगेच पाण्याचा तांब्या उचलू नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, नुसता तोंडभर पसरतो. ताक नाहीतर दही मागा. आणि स्वयंपाकाआधीच ‘खारा कम्मी’ म्हणा, म्हणजे कन्नडमध्ये ‘तिखट कमी’. मराठीत सांगितलंत तरी चालतंय, गावात बऱ्याच जणांना दोन्ही भाषा येतात.

शेतावरच्या मुक्कामाला गावरान कोंबडी हवी असेल तर तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी फोन करा. ती चुलीवर सावकाश शिजते. दारात उतरून मागितलीत तर बॉयलरच पानात येणार. वारही विचारून घ्या. सोमवारी, शनिवारी कित्येक घरांत मटण-कोंबडी होत नाही, श्रावणात तर विषयच नको.

मोसम चुकवणारेही खूप. गुऱ्हाळ, गरम काकवी, हुरडा हे थंडीतलं. मे महिन्यात आलात तर गुऱ्हाळ शोधत उन्हात फिरू नका. तेव्हा खानापूरकडं फणस, करवंदं, जांभळं खा.

परतताना कुंदा घ्यायचाच, पण तो शेवटच्या दिवशी. मी एकदा पहिल्याच सकाळी किलोभर घेऊन गाडीच्या डिकीत टाकला. दोन दिवस उन्हात फिरून घरी उघडला तर आंबूस वास! आटवलेल्या दुधाचा पदार्थ तो, त्याचा काय दोष. आधीच खरेदी उरकायची असेल तर गोकाकचं करदंट घ्या: तळलेला डिंक, गूळ, खोबरं, सुकामेवा, सहज टिकतं. मांडे घेतलेत तर डबा मांडीवरच ठेवा, नाहीतर घरी चुराच पोचेल.

एक राहिलंच. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन येणार असाल तर स्वस्तातल्या बाटल्या परवान्याशिवाय इकडं आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीवाले गाडी थांबवून डिकी उघडायला लावतात.