पैशाच्या दाव्याचं समन्स आलं? कबूल रक्कम आधी कोर्टात भरा

आंब्याच्या पेट्यांची उधारी, होडीच्या इंजिनाची दुरुस्ती अशा लहान रकमांचे दावे आपल्याकडे होतात. समन्स घेतलं नाही की दावा टळतो, असं अनेकांना वाटतं. उलट तुमची बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) होतो आणि व्याज, खर्च अंगावर बसतो.

१. समन्स घ्या, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं.

२. दावा ४०,००० चा आहे आणि तुमच्या हिशेबाने २५,००० च देणं आहे, तर ते २५,००० कोर्टात जमा करा. समोरच्याला त्याची नोटीस मिळाली की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. वाद उरतो १५,००० चा. ही सोय फार कमी लोक वापरतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

३. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा.

४. नुसत्या कैफियतीला कोर्ट फी नाही, पण तुम्ही समोरच्यावर प्रतिदावा केला तर आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

५. तडजोड लोकअदालतीत करा. फी नाही, मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा विचार करूनच सही करा.

सांभाळा: समन्सवर ‘आदेश ३७’ (झटपट चालणारा संक्षिप्त दावा) असेल तर हजर व्हायला १० च दिवस असतात. त्याच दिवशी वकील गाठा.