पॉवर स्टेअरिंगचं ऑईल गळतंय? रॅक खोलायच्या आधी हे वाचा

आयटीआय करून नुकतेच गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. पंप कुठला, रॅक कुठला, रिटर्न पाईप आणि प्रेशर पाईप कसे ओळखायचे हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडची दोन वर्षं संपवून कराडला एका गॅरेजमध्ये लागलो आणि पहिल्याच वर्षी स्टेअरिंगच्या एका लीकेजमध्ये असा अडकलो की आजपण गाडीखाली लाल थेंब दिसले की पोटात गोळा येतो.

गाडी आण्णांची होती. 2004 सालची डिझेल, वडापला म्हणजे शेअर भाड्याने चालायची, पाटणच्या बाजूला रोज फेऱ्या आणि भाडं मिळालं तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत. तक्रार अशी की दर दोन-तीन दिवसांनी स्टेअरिंग ऑईल टाकावं लागतंय आणि सकाळी वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतोय. गॅरेजचे मिस्त्री, म्हणजे माझे उस्ताद, त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला गेले होते. मी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरलो, बॅटरी मारली तर डाव्या बाजूचा रॅकचा बूट, म्हणजे टोकावरचं रबरी आवरण, ओला आणि टोकाला थेंब लटकलेला. वर येऊन आण्णांना सांगून टाकलं की रॅकचे सील गेलेत, रॅक बदलावा लागणार. पाच मिनिटंसुद्धा बघितलं नव्हतं.

रीकंडिशन रॅक आणला, जुना एक्सचेंजमध्ये देऊन वर साडेआठ हजार, अलाइनमेंटचे वेगळे, आणि दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवस आण्णांची कमाई बंद. चौथ्या दिवशी आण्णा परत आले. ओरडले नाहीत. रात्री गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा त्यांनी बॉनेटवर आणून ठेवला, त्यावर चार लाल डाग होते, मधे गडद आणि कडेला तेल पसरून गुलाबी झालेले. म्हणाले, "पोरा, हे बघ बरं जरा." मला वर बघवेना.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी जे करून दाखवलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण नवीन पोरगा इथेच फसतो आणि पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

तेल जिथे दिसतं तिथून ते गळत असेलच असं नाही, हे सगळे सांगतात, मलाही माहीत होतं, पण ते नेमकं कसं फिरतं हे डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आण्णांच्या गाडीत लीकेज पंपाच्या बाजूला वर होतं, प्रेशर पाईपचा रबरी भाग लोखंडी टोपीत दाबून बसवलेला असतो ना, त्या प्रेसच्या जागी. तिथून तेल पाईपच्या अंगावरून खाली यायचं, पाईप जिथे वळतो तिथून क्रॉसमेंबरवर, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, पडायचं, आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलत बरोबर डाव्या बुटावर. बूट बाहेरून ओला होता. आत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं! एक क्लिप सोडवून बूट मागे सरकवला असता तर आत कोरडा ठणठणीत निघाला असता आणि साडेआठ हजार वाचले असते. एक क्लिप.

दुसरी चूक, मी इंजिन बंद ठेवून बघत होतो. चाकं सरळ आणि गाडी नुसती आयडलला असेल तर प्रेशर पाईपमध्ये फार दाब नसतो, पण स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरलं की तोच दाब 80-100 बारच्या घरात जातो, गाडीप्रमाणे कमी-जास्त. त्यामुळे प्रेसमधलं बारीक लीकेज इंजिन बंद असताना अंग चोरून बसतं. रिटर्न पाईपचं तसं नसतं, तो सैल असेल तर गाडी उभी असतानापण ओलावा दिसतो.

आणि समजा बूट उघडला आणि आत खरंच तेल भरलेलं निघालं, तरी डावा-उजवा लगेच ठरवू नका. बऱ्याच रॅकला दोन्ही बूट जोडणारी एक बारीक हवेची नळी असते. एका बाजूचं सील गेलं की तेल त्या नळीतून दुसऱ्या बुटात जाऊ शकतं आणि थेंब भलत्याच बाजूला पडतो. दोन्ही बूट उघडा, दोन्ही पुसा, मग चालवून बघा.

मिस्त्रींची पद्धत अशी. आधी सगळं धुवायचं, आणि नुसतं डिझेल मारून सोडायचं नाही कारण डिझेलचाच पापुद्रा राहतो आणि मग सगळंच ओलं दिसतं. डिझेलनंतर साबणाचं पाणी, मग हवा मारून कोरडं, आल्टरनेटरवर पाणी जाऊ न देता. त्यानंतर त्यांनी खिशातून लहान मुलांच्या पावडरचा डबा काढला आणि पाईपवर, पंपावर, जोडांवर पावडर भुरभुरली. मी आत बसून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत होतो, ते आरसा घेऊन खाली. तिसऱ्यांदा टोकाला नेलं तेव्हा त्यांनी हाक मारली. इंजिन बंद करून खाली जाऊन बघतो तर पांढऱ्या पावडरवर केसाएवढी एक करडी रेघ, टोपीच्या कडेपासून सुरू होऊन पाईपच्या पोटाखाली गेलेली. साडेसातशेचा पाईप होता तो.

इथे दोन गोष्टी कडकपणे सांगतो. टोकाला स्टेअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं आणि पंप मरतो. आणि प्रेशर पाईपवर लीकेज शोधायला चालू इंजिनमध्ये बोट फिरवू नका, बारीक भोकातून त्या दाबाने आलेलं तेल कातडीत घुसू शकतं, आणि तसं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही, थेट हॉस्पिटल. बेल्ट आणि फॅनजवळ शर्टाची बाही मोकळी नको. खड्डा नसेल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, घोडी म्हणजे लोखंडी स्टँड लावायचीच.

मी आता वरून खाली बघत येतो. आधी स्टेअरिंग ऑईलचा डबा, कारण थंड तेल गरमच्या खुणेपर्यंत भरलेलं असेल तर तापल्यावर झाकणातून बाहेर येतं आणि लीकेजसारखंच दिसतं, कितीतरी वेळा एवढंच निघतं. मग रिटर्न आणि सक्शन पाईपच्या (डब्यातून पंपाकडे तेल नेणारा) क्लिपा. मग पंपाची पुली, तिथलं शाफ्टचं सील गेलं असेल तर तेल गोल भिरकावलं जाऊन आजूबाजूला पट्टा उमटलेला असतो. मग प्रेशर पाईपची दोन्ही टोकं आणि वॉशर, मग रॅकवर जिथे स्टेअरिंगचा रॉड उतरतो तिथलं सील. बूट सगळ्यात शेवटी.

आवाजाचं राहिलं. सक्शन पाईप म्हाताऱ्या गाडीत कडक होतो आणि क्लिपपाशी हवा ओढतो, तेल फारसं न गळता. डब्यात फेस आलेला गुलाबी दुधासारखा रंग दिसला की हवा शिरतेय समजायचं, पंप बदलायची घाई करायची नाही. आणि तो पाईप बदलताना रेडिएटरचा पाईप कापून लावू नका, त्याचं रबर तेलात फुगतं. मी तसे लावलेले बघितलेत.

प्रत्येक लाल थेंब स्टेअरिंगचाच नसतो. काही कूलंटपण लाल येतात, बोटावर चोळलं की पाण्यासारखे लागतात. उलट जुनं स्टेअरिंग ऑईल जळून तपकिरी झालेलं असतं आणि इंजिन ऑईल वाटतं. तेल झाकणावर लिहिलंय तेच टाका, बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं पण सगळ्यांना नाही, आणि ब्रेक ऑईल तर चुकूनही टाकू नका, सगळी सीलं खराब होतील.

लीकेज थांबवायची बाटली मिळते त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती रबर फुगवते, म्हणून सुकलेलं सील काही दिवस धरतं. प्रेसमधून सुटलेल्या पाईपला तिचा काय उपयोग? गिऱ्हाईकाकडून बाटलीचे पैसे घ्यायचे आणि महिन्याने तोच माणूस परत येणार. उस्ताद निवडतानापण बघा, जो चूक झाल्यावर हातात आरसा देऊन खाली पाठवतो त्याच्याकडे पगार कमी असला तरी राहा.

आणि घाबरून जाऊ नका. तेल संपलं तरी स्टेअरिंग तुटत नाही, चाकांशी जोड लोखंडाचीच असते, फक्त प्रचंड जड होतं. एवढं असूनही घाटातल्या गाडीला "चालवा अजून आठवडाभर" असं सांगायचं नाही, भरलेली गाडी वळणावर अचानक जड झाली तर ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळत नाही, आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

काम झाल्यावर पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा टोकाटोकाला फिरवा, तेल टाकत राहा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. रात्रभर गाडी कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी ठेवा आणि सकाळी गिऱ्हाईकासमोर पुठ्ठा काढा.

आण्णांना रॅकचे पैसे मिस्त्रींनी परत दिले आणि माझ्याकडून महिन्याला पाचशे असे सतरा महिने कापले. जुना रॅक परत बसवता आला असता, चांगला होता तो, पण मी त्याच दिवशी दुकानात देऊन आलो होतो. आता गाडी दोन दिवस कोरडी राहिल्याशिवाय मी काढलेला पार्ट परत देत नाही, त्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून तो फळीवर ठेवतो.