सहा महिन्यांच्या आत बाळाला पाणी नको

नाशिकमध्ये एप्रिल-मेचं ऊन तापलं की घरात कोणीतरी म्हणतंच, "बाळाच्या घशाला कोरड पडली असेल, चमचाभर पाणी पाजा." सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाजू नका. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उकाड्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या. दिवसातून सहा-सात लंगोट ओले होतात ना, ते बघा. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं; जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. रामकुंडाचं तीर्थ श्रद्धेने आणलेलं असतं, ते कपाळाला लावा, तोंडात मात्र नको. पुढे मऊ वरणभात सुरू झाला की उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने, घासांसोबत दोन-चार घोट.