गूगलमध्ये पासवर्ड सापडला तर: आधी पासवर्ड बदला, फाइल मग काढा

वेबसाइटवर चुकून उघडी राहिलेली पासवर्डची फाइल गूगलच्या शोधातही येऊ शकते. म्हणून आपल्या वेबसाइटचं काय काय उघड्यावर आहे ते आधी बघा. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि गूगलमध्ये इंग्रजी अक्षरांत साइट, मग कोलन, मग जागा न सोडता आपलं डोमेन टाका. त्यापुढे एक जागा सोडून फाइलटाइप, कोलन आणि एसक्यूएल (डेटाबेसच्या प्रतीची फाइल). नंतर एसक्यूएलच्या जागी लॉग, टीएक्सटी, एक्सएलएसएक्स, सीएसव्ही असं एकेक घालून बघा. शेवटी डोमेन तसंच ठेवून फाइलटाइपच्या जागी इनटाइटल, कोलन आणि अवतरणचिन्हांत ‘इंडेक्स ऑफ’, म्हणजे उघड्या पडलेल्या फोल्डरच्या यादीचं शीर्षक. शोध फक्त स्वतःच्या साइटवर घ्या. दुसऱ्याचा पासवर्ड दिसला म्हणून लॉगिन करून बघणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 खाली गुन्हा ठरू शकतो. कलम 66 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

काही सापडलं तर बहुतेक जण घाईघाईने फाइल डिलीट करतात. पण ती आधीच कुणी उतरवून घेतली असेल, वेबॅक मशीनमध्येही (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) तिची प्रत पडलेली असू शकते. म्हणून पहिलं काम पासवर्ड बदलायचं, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही. वर्डप्रेसचा डेटाबेस पासवर्ड असेल तर सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं नियंत्रण पान) बदलल्यावर लगेच डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या फाइलमध्येही बदला, नाहीतर साइट ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दाखवत बसेल. त्याच फाइलमधल्या सुरक्षा कीज आणि सॉल्ट्सही (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) नव्या घाला. जुनी सगळी लॉगिन्स त्याने तुटतात. मग फाइल काढा आणि तो पत्ता 404 किंवा 410, म्हणजे ‘फाइल इथे नाही’ असं उत्तर, देतोय ना ते पाहा. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलची मोफत सेवा) ‘रिमूव्हल्स’मधून विनंती टाका. ही विनंती साधारण सहा महिनेच टिकते. तेवढ्यात मूळ फाइल गेली नसेल तर ती पुन्हा दिसू लागेल. बिंगला वेगळं कळवावं लागतं.

फाइल बाहेर पडते कशी? डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी ब्राउझरमध्ये उघडली तर पान कोरं येतं, कारण सर्व्हर पीएचपी भाषेतला कोड चालवतो, फाइलचा मजकूर दाखवत नाही. एखादा बदल करायच्या आधी कुणीतरी तिची नक्कल काढतं आणि नावाच्या शेवटी डॉट बीएके जोडतं. आता सर्व्हरच्या लेखी ती साधी फाइल झाली. मागेल त्याला तो ती जशीच्या तशी देतो, डेटाबेसच्या नाव-पासवर्डसकट. डॉट ओल्ड जोडलं तरी तेच. डीबगिंग (चुका शोधण्याची सोय) चालू केलं की डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात तयार होणारी डीबग लॉगही (चुकांची नोंदवही) अशीच उघडी पडू शकते. काम झालं की डीबगिंग बंद करा आणि लॉग काढून टाका.

बॅकअप पब्लिक एचटीएमएल फोल्डरात, म्हणजे वेबवर दिसणाऱ्या फोल्डरात, ठेवूच नका, त्याच्या एक पायरी वर ठेवा. साइट लाराव्हेलवर (पीएचपीची एक चौकट) बांधलेली असेल तर डोमेन थेट ‘पब्लिक’ फोल्डरकडे वळवा, म्हणजे पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल वेबच्या बाहेर राहते. कोडचा सगळा इतिहास ठेवणारं डॉट गिट फोल्डर सर्व्हरवर चढलंय का तेही तपासा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर एचटीअ‍ॅक्सेस या त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ऑप्शन्स, एक जागा, मग वजा चिन्हाला चिकटून इंडेक्सेस अशी ओळ घाला. अपलोड्सच्या फोल्डरचा पत्ता उघडल्यावर फाइलींच्या यादीऐवजी 403 (प्रवेश नाही) आला की जमलं. एनजिनएक्स हे दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. तिथे फोल्डरची यादी मुळात बंद असते, कुणी ऑटोइंडेक्स चालू केलंय का एवढंच बघा.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कुठली पानं उघडू नयेत ते गूगलसारख्यांना सांगणारी फाइल, हे कुलूप नव्हे. ती फाइल कुणीही वाचू शकतं, आणि त्यात ‘डिसअलाउ’पुढे बॅकअप फोल्डरचं नाव लिहिणं म्हणजे चोराला तिजोरी कुठल्या खोलीत आहे ते सांगणं. शिवाय अडवलेल्या पानाचा पत्ता बाहेरच्या लिंकमुळे शोधात येऊ शकतोच. पान शोधातून खरंच वगळायचं तर त्या पानाला नोइंडेक्स (‘शोधात दाखवू नका’ अशी खूण) लावा आणि रोबॉट्समधली अडवणूक काढा. अडवलेलं पान गूगल उघडतच नाही, मग नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? तरीही ज्या पानावर पासवर्ड लिहिलेले आहेत त्याला हे दोन्ही उपाय अपुरेच, तिथे लॉगिनच हवं.

वेबसाइट नसलेल्यांची गळती बहुधा गूगल शीटमधून होते. सोसायटीच्या खर्चाच्या शीटमध्ये एका टॅबवर वीजबिलाचं आणि बँकेचं लॉगिन असतं, शेअरिंग ‘एनीवन विथ द लिंक’ असतं, आणि कुणीतरी ती लिंक उघड्या पानावर चिकटवतं. शेअरिंग ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. मग फाइल मेनूतल्या शेअरखाली ‘पब्लिश टू वेब’ उघडा आणि प्रकाशन चालू असेल तर थांबवा. ही सोय शेअरिंगपेक्षा वेगळी आहे, एक बंद केलं म्हणून दुसरी बंद होत नाही. पासवर्ड मात्र शीटमधून उचलून पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं अ‍ॅप) न्या आणि उचलताना बदलूनच घ्या, कारण शीटच्या व्हर्जन हिस्टरीत (जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत) जुना तसाच राहतो.