घरातले जलरंगचित्र कलादालनाला प्रदर्शनासाठी देताना

सार्वजनिक कलादालनाचा स्वतःचा संग्रह कितीही मोठा असला, तरी एखाद्या चित्रकाराचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवताना खाजगी घरांतली चित्रे बहुधा उसनी घ्यावी लागतात. कलादालनाचे पत्र आले की घरात आधी आनंद होतो आणि प्रश्न मागाहून पडतात. निदान जलरंगाच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा असावा.

पहिले काम म्हणजे चित्राची स्थिती लिहून काढणे. कलादालन आपला कंडिशन रिपोर्ट तयार करतेच, तरीही मालकाकडे स्वतःची नोंद असावी. पंखा बंद करून चित्र स्वच्छ कापडावर आडवे ठेवावे, उजेडात समोरून छायाचित्रे घ्यावीत, आणि मग खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर असा टाकावा. समोरून सपाट भासणारा कागद या तिरप्या प्रकाशात आपली सगळी लपवाछपवी उघड करतो: कोपऱ्यातली जुनी घडी, ओल लागून आलेला फुगवटा, कसरीने वरचा थर खरवडून खाल्लेली जागा. प्रत्येक खूण ‘डाव्या कडेपासून ४ सेंमी, खालून ७ सेंमी’ अशी मोजून लिहावी. मी दिलेले एक चित्र कोपरा दुमडून परत आले, तेव्हा ‘ही घडी आधीचीच असेल’ या उत्तरापुढे माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

तपकिरी ठिपके पुसण्याचा, पिवळी पडलेली चिकटपट्टी ओढून काढण्याचा किंवा नव्या फ्रेमचा मोह टाळावा. लाकडी लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेने तपकिरी रेघ उमटते, हे खरे असले तरी त्यावरचा उपाय प्रशिक्षित संवर्धकानेच करावा. तो आम्लमुक्त पुठ्ठा घेऊन त्यावर चित्र जपानी कागदाच्या बारीक पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने चिकटवतो, कारण ही खळ पुढे ओलाव्याने सुटते; गल्लीतल्या फ्रेमवाल्याची चिकटपट्टी तशी सुटत नाही.

करारातली सर्वांत महत्त्वाची अट प्रकाशाची. जलरंगासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) ही रूढ मर्यादा आहे, तर तैलचित्राला साधारण २०० लक्सपर्यंत चालते. प्रकाशाने उडालेला रंग कोणताही संवर्धक परत आणू शकत नाही, आणि ही हानी साठत जाते: ५० लक्समध्ये रोज ८ तास याप्रमाणे ९० दिवसांत कागदावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच २०० लक्समध्ये साडेबावीस दिवसांत पडतो. म्हणून लक्सचा आकडा आणि दिवसांची संख्या दोन्ही लिहून घ्यावीत. चित्रकार सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात अंधाऱ्या जागी ठेवलेले असते. त्या अंधारामुळे दिव्याची प्रभा खुलते हे सगळे सांगतात, पण ते चित्र जलरंगात आहे हे लक्षात घेतले तर तो अंधार चित्राच्याही हिताचाच म्हणावा लागेल.

पावसाळ्यातले प्रदर्शन असल्यास दालनातली आर्द्रता कशी राखली जाते, हे विचारायला संकोचू नये. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. विमा आपल्या भिंतीवरून चित्र उतरवल्यापासून ते पुन्हा तिथे टांगेपर्यंतचा असावा, केवळ दालनातल्या मुक्कामाचा नव्हे. परवानगीशिवाय फ्रेम उघडू नये, असेही लिहून घ्यावे. प्रदर्शनाच्या छापील सूचीत चित्र छापण्याची परवानगी देताना मात्र एक भेद ध्यानात ठेवावा: चित्र आपल्या मालकीचे असले, तरी प्रताधिकार (कॉपीराइट) सहसा चित्रकाराचा आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या वारसांचा असतो.

चित्र परत आले की पेटी लगेच उघडू नये. घरच्या हवेशी जुळण्यासाठी ती २४ तास तशीच ठेवावी, मग टॉर्च आणि आपली नोंद घेऊन प्रत्येक खूण पडताळावी, आणि त्यानंतरच पोचपावतीवर सही करावी. आणून देणाऱ्याला घाई असेल, तर ‘पेटी बंद स्थितीत मिळाली, चित्र तपासलेले नाही’ एवढेच लिहून द्यावे.